कोऱ्या कागदावर उमटलेला शिक्का

मित्रांनो, काचेच्या या पेटीत कोपऱ्यात पडलेला जुना पितळी शिक्का म्हणजे मी. लाकडी मुठीचा, तळहातात मावणारा, तोंडावर तिरपा घाव असलेला. दरवर्षी सोळा एप्रिलला, आपल्या देशाच्या संविधान दिनी, तुम्ही शाळेच्या रांगेने हे न्यायालय बघायला येता. कोणी न्यायाधीशाचा झगा अंगावर चढवतो, कोणी मोठ्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतो. मग या पेटीपाशी आलात, की तुमच्यातला एकजण बाईंना विचारतोच, "बाई, याच्या तोंडावर कोणी मारलं?" सगळे हसतात. तुम्ही हसलात याचे मला वाईट वाटत नाही. माझी लायकी तेवढीच आहे. पण तो घाव का बसला, हे एकदा माझ्याकडूनच ऐका. फुशारकी मारत सांगायच्या गोष्टी माझ्याकडे एकेकाळी पुष्कळ होत्या. ही मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

माझा जन्म राजधानीतल्या सरकारी टांकसाळीत झाला. शेजारच्या दालनात नाणी पडत होती आणि त्यांचा खणखणाट दिवसभर कानावर येत होता. देशाचे नवे संविधान येऊन तेव्हा सातएक वर्षे झाली होती. जुन्या राजवटीचे शिक्के गोळा करून वितळवले जात होते आणि त्यांच्या जागी मुकुटधारी सिंहाचे नवे शिक्के घडत होते. मला ज्याने कोरले तो म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून तीन दिवस माझ्या सिंहाची आयाळ कोरत बसला होता. काम संपल्यावर त्याने मला फुंकर मारली आणि म्हणाला, "तोंड स्वच्छ ठेव हो पोरा. लोक तुझ्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवणार आहेत." मला वाटले, म्हातारा पितळेवरच्या धुळीबद्दल बोलतोय.

मला झ्लातोब्रोदच्या न्यायालयात पाठवण्यात आले. डोंगराच्या कुशीतले, द्राक्षांचे आणि लाल मिरच्यांचे हे गाव. इथे वेसेलिनाबाई माझ्या पालक झाल्या. न्यायालयाच्या त्या चिटणीस. सकाळी लोखंडी कपाट उघडायच्या, स्पिरिटच्या बोळ्याने माझे तोंड पुसायच्या आणि मगच कामाला घ्यायच्या. संध्याकाळी पुन्हा पुसून कपाटात ठेवायच्या. किल्ली त्यांच्या गळ्यात असायची. स्वतःच्या पोराचे तोंडसुद्धा कोणी इतक्या निगुतीने पुसत नसेल.

न्यायाधीश होते अस्पारुख देलिस्की. उंच, वाकलेले, शांत बोलणारे, मिशांत हसणारे. तुमच्यासारखी मुले आली की ते टेबलावरचे संविधानाचे पातळसे पुस्तक उचलायचे आणि म्हणायचे, "बघा, सगळा देश एवढ्यात बसवलाय. संसद कायदे करते. सरकार ते राबवतं, पोलीस त्याचेच. आणि आम्ही बघतो, की कायद्याच्या नावाखाली कोणावर अन्याय तर होत नाही ना. तिघांची घरं वेगळी, किल्ल्या वेगळ्या."

एकदा एका चिमुरडीने विचारले होते, "पण तिघांचं भांडण झालं तर?"

"व्हायलाच पाहिजे मधूनमधून," देलिस्की म्हणाले. "तिघं एका ताटात जेवायला लागले ना, की समजायचं गावाचं काही खरं नाही." मुले हसली. वेसेलिनाबाईसुद्धा हसल्या.

त्या पुस्तकातले एक कलम मला माझ्या सिंहाइतके पाठ होते, कारण माझे निम्मे काम त्याच्यावर चालायचे. पोलिसांना कोणाला धरता येते, पण धरल्याची खबर लगेच न्यायालयाला द्यावी लागते. पुढच्या चोवीस तासांत न्यायालयाने ठरवायचे, की ही अटक बरोबर आहे की नाही. माणूस गरीब असो, श्रीमंत असो, भांडखोर असो. चोवीस तास म्हणजे चोवीस तास.

सुरुवातीची वर्षे मी ताठ मानेने जगलो. पहिल्याच हिवाळ्यात ठाण्याचे फौजदार क्रूम बोयाजिएव एक कागद घेऊन आले. गळ्यात पडून बोलणारा, खांद्यावर थाप मारणारा गडी. त्यांनी आसेन नावाच्या कल्हईवाल्याला तांब्याचा हंडा चोरला म्हणून धरले होते.

"साहेब, एवढी सही करा. कागदात सगळं आहे."

"माणूस कुठाय?" देलिस्कींनी विचारले.

"कोठडीत. या थंडीत त्याला कशाला आणायचं?"

"क्रूम, कागदाला मी प्रश्न विचारू का? माणूस आण."

आसेनला आणले. साहेबांनी त्याला बसायला लावले, गरम चहा दिला आणि जेमतेम तीन प्रश्न विचारले. हंडा मालकाने स्वतःच कल्हईला दिला होता आणि साफ विसरून गेला होता. पाच मिनिटांत आसेन मोकळा झाला. सुटकेच्या हुकुमावर वेसेलिनाबाईंनी मला दाबले, तेव्हा माझा ऊर भरून आला होता. आसेनने तो कागद घडी न करता दोन्ही हातांत धरून घरी नेला आणि भिंतीवर टांगला.

हे मला कसे ठाऊक, असे विचाराल. आम्हा शिक्क्यांना ती एक देणगी आहे. जिथे आमचा ठसा, तिथे आमचा डोळा. मी कपाटात निजलेला असलो, तरी गावभर माझे शेकडो डोळे उघडे असतात. आसेनच्या घरात त्याची मुले त्या कागदाला हात लावायच्या आधी हात धुवायची, हे मी पाहिले आहे. मला वाटायचे, हा सगळा मान माझा आहे. देलिस्कींनी आधी माणूस समोर आणवला होता, हे मी सोयीस्करपणे विसरलो. मित्रांनो, माझ्या घसरणीची सुरुवात तिथून आहे.

आता भट्टीविषयी सांगायला हवे. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या परसात द्राक्षांचा वेल असतो. शरद ऋतूत द्राक्षांचा चोथा पिंपात आंबवायचा आणि गावाच्या सामाईक भट्टीवर नेऊन त्याची राकिया, म्हणजे आमची घरगुती दारू, गाळायची, हा रिवाज. भट्टी एकच, गाव मोठे. म्हणून पाळीची यादी लागते. तुमची पाळी चुकली, तर पिंपाचा शिरका होतो, वर्षभर पाहुण्यांपुढे काय ठेवायचे हा प्रश्न पडतो आणि बायको पुढच्या शरदापर्यंत ऐकवते. म्हणून इथे पाळी कोणी चुकवत नाही. लग्ने पुढे ढकलतात, दाताचे डॉक्टर दाराला पाटी लावतात. भट्टीवर तीन दिवस मुक्काम पडतो, भाजलेल्या मिरच्या, सॉसेज, गप्पा, आणि दर तासाला एक घोट, 'नीट उतरतेय ना' हे बघायला.

देलिस्कींचा वडिलार्जित द्राक्षमळा होता. एका वर्षी त्यांची पाळी आली आणि दुसरा न्यायाधीश आजारी होता. त्यांनी जाता जाता दोन कोऱ्या कागदांवर तळाशी सही केली आणि वेसेलिनाबाईंपुढे सरकवले.

"यावर शिक्का मारून ठेवा."

"साहेब, कोऱ्या कागदावर?"

"अहो, नुसते असू द्या. काही आलंच तर मला फोन करा, मी सांगेन तसं टाईप करा. तीन दिवसांत असं काय आभाळ कोसळणार आहे?"

वेसेलिनाबाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी मला दाबले.

तुम्हाला खरे सांगू? मला तेव्हा लाज वाटली नाही. मजा वाटली. एरवी माझ्या वर वीस-पंचवीस ओळी असायच्या, नावे, तारखा, कारणे. मी आपला तळाशी. आणि आज पांढऱ्याशुभ्र कागदावर मी एकटा. लिहिलेले काहीच नाही आणि तरीही कागद वजनदार. मला वाटले, म्हणजे खरी किंमत माझीच. बाकी सगळी भरताड. इतका मी माजलो होतो.

त्या वर्षी काहीच झाले नाही. कागद फाडून टाकले. पुढच्या वर्षी पाच कागद झाले, तेही फाडले. तिसऱ्या वर्षी वेसेलिनाबाईंनी 'कोऱ्या कागदावर?' असे विचारलेसुद्धा नाही. सवय झाली होती. त्यांना, साहेबांना, आणि मला.

त्याच वर्षी सेव्दा कारामिखोवाला धरले.

सेव्दामावशी म्हणजे गावातला एकमेव छापखाना. लग्नपत्रिका, शाळेच्या वह्यांची कव्हरे आणि मुख्य म्हणजे दुखवट्याची पत्रके. आमच्याकडे माणूस गेले, की काळ्या चौकटीत त्याचा फोटो आणि नाव छापून दारावर, खांबांवर, बेकरीच्या भिंतीवर डकवतात. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. कोण गेले हे गावाला खांबावरून कळते. झ्लातोब्रोदमधले तीस वर्षांतले प्रत्येक मरण या बाईच्या हातांतून गेलेले होते. अठ्ठावन्न वर्षांची, जाड चष्म्याची, बोटे कायम शाईने काळी. घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई, ग्रोझ्दाआजी, अंथरुणाला खिळलेली. सेव्दा तिला सकाळ-संध्याकाळ भरवायची आणि मधल्या वेळात यंत्र चालवायची.

त्या उन्हाळ्यात चौकातला दगडी झरा आटला. आटला म्हणजे आटवला. नगराध्यक्षांच्या मेव्हण्याने नवे हॉटेल बांधले होते आणि झऱ्याचे पाणी वरच्यावर वळवून त्याच्या पोहण्याच्या तलावात सोडले होते. गावाने अर्ज केले, कोणी दाद दिली नाही. तेव्हा एके सकाळी गाव उठले आणि खांबाखांबावर काळ्या चौकटीचे पत्रक दिसले. फोटो झऱ्याचा. खाली मजकूर होता: 'कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आपल्या सर्वांचा लाडका झरा वयाच्या एकशे सातव्या वर्षी, दीर्घ दुर्लक्षानंतर, पाण्याविना आपल्याला सोडून गेला. मागे तहानलेले गाव, दोन गाढवे आणि एक पोहण्याचा तलाव असा परिवार आहे. फुले आणू नयेत. बादली आणावी.'

गाव पोट धरधरून हसले. एका पत्रकाखाली कोणीतरी खरोखरच बादली ठेवून मेणबत्ती लावली. एक पत्रक नगराध्यक्षांच्या दारावर होते आणि तिथे मात्र कोणी हसले नाही. नगराध्यक्षांनी क्रूमला फोन केला. शुक्रवारी सकाळी दोन शिपाई छापखान्यात गेले.

"अरे, आरोप काय माझ्यावर?" सेव्दाने हात पुसत विचारले.

"गुंडगिरी, मावशी," त्यातला मिन्चो नावाचा तरणा शिपाई जमिनीकडे बघत म्हणाला.

"गुंडगिरी? मला जिना चढताना धाप लागते रे. आणि आपलं म्हणणं छापायचा हक्क त्या पुस्तकात लिहिलाय. शाळेसाठी त्याच्या चाळीस प्रती मीच बांधून दिल्यात."

"मला काय सांगता, वर सांगा."

त्याच शुक्रवारी देलिस्की साहेबांची भट्टीवर पाळी होती.

दुपारी क्रूम न्यायालयात आले. कपड्यांना लाकडाच्या धुराचा वास येत होता. म्हणजे भट्टीवरूनच आले होते.

"वेसेलिनाताई, एक कागद द्या. साहेबांनी सांगितलंय."

"कुठला कागद?"

"तोच हो, ड्रॉवरमधला. आत्ता भेटून आलो त्यांना. म्हणाले, वेसेलिनाकडे आहेत, घेऊन टाक."

"कोणाला धरलंय?"

"आहे एक उपद्रवी. झऱ्यावरून गोंधळ घालणारं."

"मग साहेबांना फोन लावते, काय लिहायचं ते..."

"भट्टीच्या त्या घळीत फोन लागतो होय? मी घेतो लिहून ठाण्यात. तुम्ही घरी जा, मिरच्या भाजायच्या राहिल्यात ना तुमच्या? सगळ्या गल्लीत वास सुटलाय, तुमचंच अंगण गार."

वेसेलिनाबाईंनी घड्याळाकडे पाहिले. घरी दोन पोती मिरच्या त्यांची वाट बघत होत्या. त्यांनी ड्रॉवर उघडला.

पाहा मित्रांनो, हे कसे घडते ते पाहा. भट्टीवर न्यायाधीशाने नाव विचारले नव्हते. चिटणीसबाईंनी विचारले, पण धड उत्तर मिळेपर्यंत थांबल्या नाहीत. आणि मी? मी तर आधीच उमटून बसलो होतो.

ठाण्यात क्रूमनी कागद यंत्रात घातला आणि टकटक करीत लिहू लागले. एकेक ओळ माझ्या डोक्यावर येऊन बसू लागली. 'न्यायालयाने अटकेतील व्यक्तीस समक्ष बोलावून तिचे म्हणणे ऐकले. अटक कायदेशीर असल्याचे आढळले. सदर व्यक्तीस दहा दिवस कोठडीत ठेवावे.' मला ओरडावेसे वाटले, की हे खोटे आहे, ही बाई न्यायालयाची पायरीसुद्धा चढलेली नाही! पण शिक्क्याला एकच बोलणे येते, ते म्हणजे 'हे खरे आहे'. ते मी आधीच बोलून बसलो होतो.

तो कागद कोठडीसमोरच्या टेबलावर, वजनाखाली राहिला. माझा डोळा थेट गजांकडे होता. चार दिवस मला तो मिटता आला नाही.

संध्याकाळी सेव्दाने कागद मागून घेतला आणि चष्मा पुसून वाचला. छापखान्यातली बाई, स्वल्पविरामसुद्धा न सोडणारी.

"मिन्चो, यात लिहिलंय न्यायालयानं माझं ऐकलं. कधी ऐकलं रे? मी तर इथून हललेली नाही."

मिन्चोने कागद हातात घेऊन उजेडात धरला. "ते मला काय ठाऊक, मावशी. पण शिक्का तर खरा आहे. गोल आहे, सिंह आहे."

"सिंहाने ऐकलं का मग माझं?"

"चेष्टा नका करू. पोलिसांचाच कागद असता, तर मी फौजदारसाहेबांचे पाय धरले असते. पण हा न्यायालयाचा. न्यायालयाच्या वर मी कोण?"

पोरगा खोटे बोलत नव्हता. पोलिसाने न्यायालयापुढे वाकायचे, हे त्या पुस्तकानेच सांगितले आहे, आणि बरोबर सांगितले आहे. सेव्दाच्या रक्षणासाठी जी भिंत बांधली होती, तिच्याच मागे तिला कोंडले होते, आणि कुलूप मी होतो.

शनिवारी पावाच्या रांगेत वेसेलिनाबाईंना कळले, की तो 'उपद्रवी' म्हणजे सेव्दा. त्यांनी घरी येऊन साहेबांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. भट्टी गावापासून सात किलोमीटरवर होती, चालत दीड तास. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. सोमवार काही लांब नाही, असे स्वतःला म्हणाल्या. हे त्यांनीच पुढे सगळ्यांसमोर सांगितले, म्हणून मी सांगतो.

शेजारची मारा रोज डबा घेऊन ठाण्यात यायची.

"आई काय म्हणते?" सेव्दा विचारायची.

"काय म्हणणार? सारखं एकच, सेव्दा अजून छापखान्यातच का? मी म्हणते, हो, काम फार आहे. खात नाही गं माझ्या हातून. तोंड फिरवते."

"दूध कोमट करून दे. आणि उशी पाठीमागे. नाहीतर ठसका लागतो तिला."

"देते गं."

रविवारी सकाळी मारा आली, तेव्हा तिच्या हातात डबा नव्हता.

सेव्दाला काही सांगावे लागले नाही. ती बाकावर बसली. बराच वेळ तिने शाईने काळ्या झालेल्या बोटांकडे बघितले. मिन्चो कुलपापाशी येऊन उभा राहिला, किल्ली त्याच्या हातात होती. त्याने टेबलावरच्या कागदाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिले आणि किल्ली पुन्हा खिशात टाकली. त्याने क्रूमना फोन केला. क्रूम म्हणाले, "न्यायालयाचा हुकूम आहे, मी कसा मोडू?" माणसाने स्वतःच लिहिलेल्या ओळींना इतका मान दिलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

मग सेव्दा म्हणाली, "आईचं पत्रक कोण छापणार, मिन्चो?"

मिन्चो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सोमवारी दुपारी बाराला ग्रोझ्दाआजीला पुरले. गावात एकही पत्रक लागले नव्हते. खांबावर काही नाही, म्हणजे कोणी गेले नाही, असेच गाव समजून चालले. चौऱ्याऐंशी वर्षे या गावात राहिलेल्या, अर्ध्या गावाची लग्ने नि बारशी पाहिलेल्या म्हातारीला पोहोचवायला नऊ माणसे होती.

देलिस्की साहेब दोन वाजता आले. चेहरा भट्टीच्या आचेने लाल, हातात वेसेलिनाबाईंसाठी भेट म्हणून राकियाची बाटली. वेसेलिनाबाई उभ्याच होत्या.

"साहेब, तुमच्या कागदावर सेव्दाला आत ठेवलंय. शुक्रवारपासून. मला शनिवारी कळलं होतं. काल तिची आई गेली, आज पुरली."

बाटली टेबलावर ठेवली की पडली, ते मला आठवत नाही. साहेब टोपीशिवाय चौक ओलांडून धावत गेले. त्या वयाच्या माणसाला गावाने प्रथमच धावताना पाहिले. सुटकेचा हुकूम त्यांनी ठाण्याच्या टेबलावरच लिहिला. मागोमाग वेसेलिनाबाई मला शालीत गुंडाळून घेऊन आल्या होत्या. मला दाबताना त्या इतक्या घाईत होत्या, की सिंह दोनदा उमटला. सेव्दाने कागद घेतला, कोणाकडे न बघता बाहेर पडली आणि दफनभूमीच्या रस्त्याला लागली.

पुढचे थोडक्यात सांगतो. देलिस्कींनी वरच्या न्यायालयाला स्वतःच सगळे कळवले, काही लपवले नाही, आणि झगा उतरवून ठेवला. वेसेलिनाबाईंनी उरलेले चार कोरे कागद चौकशीत पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "हे मी मारलेत." क्रूमची बदली झाली, जरा मोठ्याच गावात. झऱ्याला पाणी आले, कारण एवढ्या बोभाट्यानंतर तलावात पोहायला कोणी जाईना. आणि मला रद्द करण्यात आले. तीन जणांच्या समितीसमोर माझ्या तोंडावर छिन्नी ठेवली आणि हातोड्याचा एक घाव घातला. खरे तर वितळवायचेच होते, पण नव्या न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हा इथेच राहू दे. मुलांना दिसू दे." छिन्नी लागली तेव्हा मला दुखले नाही. उलट वाटले, की आता निदान माझ्याकडून कोणी खोटे बोलवून घेणार नाही.

पण मित्रांनो, ठसे कुठे मरतात? सुटकेचा तो हुकूम सेव्दाने छापखान्याच्या काउंटरवर काचेखाली ठेवला होता, दोनदा उमटलेल्या सिंहासकट. त्या ठशातून मी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि मला जाळते ती तीच.

आजीचा चाळिसावा दिवस होता. सेव्दा आईची पत्रके कापत होती. फोटोतली म्हातारी तरुण होती, डोक्याला रुमाल, हातात टरबूज. दार ढकलून देलिस्की आत आले. साधा कोट, दाढी वाढलेली.

"सेव्दाताई, माफी मागायला तोंड नाही मला."

"मग नका मागू, साहेब. बसा."

"माझ्या वडिलांचं पत्रक तुम्हीच छापलं होतंत. मी तुम्हाला ओळखत नाही का? त्या दिवशी नुसतं नाव जरी कानावर आलं असतं ना, देवाशपथ, पाच मिनिटांत सोडलं असतं तुम्हाला."

सेव्दाची कात्री थांबली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "चार दिवस आत बसून मी हाच विचार करत होते. पाच मिनिटं. आई जिवंत होती तेव्हा, शुक्रवारी, पाच मिनिटं." तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण एक सांगा साहेब. माझं नाव ऐकून सोडलं असतंत म्हणता. आणि ज्याचं नाव तुमच्या ओळखीचं नाही, त्याला? त्याला ठेवलं असतंत ना आत?"

वर्षानुवर्षे मुलांना पुस्तक उंच धरून समजावणारा तो माणूस काउंटरवरच्या पत्रकांकडे बघू लागला. शेवटी त्यांनी खाली मान घालून विचारले, "यातली काही मी डकवू का?"

सेव्दाने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग पत्रकांचा अर्धा गठ्ठा आणि खळीचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. "खालच्या आळीत लावा. सरळ लावा. तिला वाकडं आवडायचं नाही."

मी काचेखालून बघत होतो. देलिस्कींना निदान पत्रके तरी लावता येत होती. माझ्या नशिबात तेवढेही नव्हते.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, जोडायला हात नाहीत तरी सांगतो. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कोणी न्यायाधीश होईल, कोणी फौजदार, कोणी चिटणीस. माझ्यासारखा एखादा शिक्का तुमच्या हाती येईल आणि नेमका त्याच दिवशी तुम्हाला घरी जायची घाई असेल. देशाचे ते पुस्तक जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. ते कपाटात जपून होत नाही. ज्याच्याबद्दल कागद आहे त्या माणसाला आत बोलवा, बसायला सांगा, त्याचे नाव विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. तो ओळखीचा नसेल तर जरा जास्तच थांबा. आणि तुम्ही यांपैकी कोणीच झाला नाहीत, तरी मिन्चोसारखे माझ्याकडे बघून किल्ली खिशात टाकू नका. विचारा, की या माणसाला कोणी पाहिले का.

त्या कागदावर सही खरी होती. शिक्का खरा होता, सिंहाच्या आयाळीचा केस न् केस जागेवर होता. फक्त सेव्दाला कोणी पाहिले नव्हते, आणि तिची आई दाराकडे बघत होती.